दुर्मीळ आजारांची डॉक्टर व्हायचंय? आधी नेहमीचे आजार शिक

प्रिय विद्यार्थिनी,

तुझं पत्र वाचलं. भावाचं नाक एका बाजूने सतत चोंदलेलं, त्याच बाजूने अधूनमधून रक्त, आणि कितीतरी महिने औषधं मात्र ॲलर्जीची. शेवटी निदान झालं ज्युवेनाइल अँजिओफायब्रोमाचं, म्हणजे नाकाच्या आतल्या एका दुर्मीळ गाठीचं. ऑपरेशननंतर तो आता ठणठणीत आहे, हे वाचून फार बरं वाटलं. तुला डोकं आणि मानेच्या अशाच दुर्मीळ आजारांची डॉक्टर व्हायचंय. बाबा मात्र विचारतात, असे पेशंट येणार किती, आणि त्यासाठी इतकी वर्षं घालवायची का?

बाबांचा पहिला प्रश्न अगदी योग्य आहे. फक्त दुर्मीळ आजार बघत बसलेला डॉक्टर जवळपास सापडतच नाही. डोकं-मान शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञाचा आठवडा थायरॉइडच्या गाठी, लाळग्रंथींचे विकार आणि तोंडा-घशाचे कॅन्सर यांतच जातो. दुर्मीळ आजार येतो तो याच गर्दीतून, आणि येताना साध्या आजारासारखाच दिसतो. त्यामुळे नेहमीच्या गाठी भरपूर हाताखालून गेल्याशिवाय वेगळी गाठ बोटांना कळत नाही.

भावाचंच उदाहरण घे. ही गाठ कॅन्सरची नसते, पण रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली असते आणि जवळजवळ फक्त किशोरवयीन मुलांमध्ये, म्हणजे मुलग्यांमध्येच, आढळते. वय, एकाच बाजूचं चोंदणं आणि त्याच बाजूचं रक्त, हे तिन्ही जुळलं की संशय यायलाच हवा. संशय आला की हातही आवरावा लागतो, कारण ओपीडीत तपासणीसाठी तुकडा काढायला गेलं तर रक्त थांबता थांबत नाही. म्हणून आधी स्कॅन. मग बऱ्याचदा ऑपरेशनच्या आधी गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आतून बंद करतात. ते काम इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टचं असतं. या डॉक्टरचं नाव घरच्यांना अनेकदा आठवतही नाही, पण सर्जनचं अर्धं ओझं त्यानेच उतरवलेलं असतं.

मानेतल्या कॅरोटिड बॉडी या इवल्याशा अवयवाची गाठ तर बोटांनाच पुष्कळ सांगते. ती आडवी सरकते, वर-खाली सरकत नाही, कारण मानेतून डोक्याकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीला जिथे दोन फाटे फुटतात नेमकी तिथेच ती अडकलेली असते. अशा पेशंटला घरच्यांबद्दलही विचारावं लागतं. काही कुटुंबांत यामागे एसडीएचडी नावाच्या जनुकातला बदल असतो. तो वडिलांकडून आला तर आजार होण्याचा धोका असतो, आईकडून आला तर सहसा होत नाही.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे: ‘भावाचं कुणी नीट ऐकलंच नाही.’ या क्षेत्रात तुझी खरी शिदोरी हीच, असं मला मनापासून वाटतं. ‘डोळे फिरवले की मला त्यांचा आवाज ऐकू येतो’ असं सांगणाऱ्या माणसाचं म्हणणं सहज मनाचे खेळ म्हणून झटकलं जाऊ शकतं. पण १९९८ मध्ये लॉइड मायनर हे अमेरिकी कानतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आतल्या कानाचा एक आजार वर्णन केला. त्यात तोल सांभाळणाऱ्या एका अर्धवर्तुळाकार नलिकेवरच्या हाडाला भोक पडलेलं असतं, आणि डोळ्यांच्या हालचालीचा आवाज ऐकू येणं हे त्याचं एक लक्षण आहे. मोठ्या आवाजाने चक्कर येणं हे दुसरं.

आता वर्षांचा हिशोब. वैद्यकीय पदवी, मग कान-नाक-घशाचं पदव्युत्तर शिक्षण, मग डोकं-मान किंवा कवटीच्या तळाच्या शस्त्रक्रियेची फेलोशिप, म्हणजे त्यातलं खास प्रशिक्षण. सगळं धरून दहा-बारा वर्षं तरी जातात, हे बाबांना स्पष्ट सांग. मात्र पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात तू पेशंट बघतच असतेस, त्यामुळे ती वर्षं नुसती पुस्तकात जात नाहीत. रक्त पाहून घाबरायला होतं म्हणतेस, ती भीती बहुतेकांची पहिल्या-दुसऱ्या वर्षात जाते. नाहीच गेली तर पॅथॉलॉजी आहे, म्हणजे काढलेल्या गाठीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी. गाठीचं अंतिम नाव तिथेच ठरतं. ऑडिओलॉजी (ऐकण्याच्या तपासण्या), गिळण्या-बोलण्याची थेरपी आणि जेनेटिक काउन्सेलिंग (आनुवंशिक आजारांबद्दल कुटुंबाला सल्ला) यांचे अभ्यासक्रम तर वेगळेच असतात, त्यांना वैद्यकीय पदवी लागत नाही. त्यांना दुय्यम समजू नकोस.

आत्ता स्पेशालिटी ठरवायची गरज नाही, फक्त वैद्यकीय प्रवेशाचा अभ्यास कर. आणि परीक्षा झाली की भावाला सोबत घेऊन त्याच्या डॉक्टरांकडे जा. त्याचे स्कॅन समोर ठेवून त्यांना एकच विचार: तुम्हाला पहिला संशय नेमका कशावरून आला?