सीमेपलीकडचे सभासद

प्रश्न : मी आयव्हरी कोस्टमध्ये बोंडुकूजवळच्या काजू उत्पादक सहकारी संस्थेचा हिशेब पाहतो. घानातल्या साम्पाकडच्या काही शेतकऱ्यांना आम्ही दोन हंगामांपूर्वी सभासद करून घेतले, भागाची रक्कमही घेतली. 'ओहाडाचा (व्यापारी कायदे एकसारखे करणाऱ्या आफ्रिकी देशांच्या संघटनेचा) कायदा सगळीकडे एकच आहे' असे तेव्हा सांगितले गेले. आता संचालक मंडळ म्हणते, ते परदेशी आहेत, त्यांना परतावा (वर्षअखेरच्या शिलकीतला वाटा) नाही.

उत्तर : तुम्हाला सांगितले ते अर्धेच खरे. ओहाडाने सहकारी संस्थांचा एकरूप कायदा १५ डिसेंबर २०१० रोजी टोगोची राजधानी लोमे इथे संमत केला. तो १७ सदस्य देशांत थेट लागू होतो. आयव्हरी कोस्ट त्यात आहे, घाना नाही. साम्पातल्या संस्था घानाच्या कायद्याने चालतात.

पण म्हणून मंडळाचे म्हणणे बरोबर ठरत नाही. तुमची संस्था आयव्हरी कोस्टमध्ये नोंदलेली आहे. तिचा सभासद कोण, हे ओहाडाच्याच कायद्याने ठरते. आणि तो कायदा सभासदांमध्ये 'समान बंध', म्हणजे एकच काम किंवा उद्दिष्ट असा जोडणारा दुवा, आहे का, हे पाहतो. आधी उपविधी काढून हा बंध सांगणारे कलम वाचा. तिथे 'काजू उत्पादक' एवढेच असेल, तर साम्पाचे शेतकरी सभासद आहेत आणि इतरांइतकाच, व्यवहाराच्या प्रमाणात, परतावा त्यांचाही आहे. दोन हंगाम त्यांचा काजू आणि पैसा घ्यायचा आणि वाटणीच्या वेळी पासपोर्ट विचारायचा, हे मला अजिबात मान्य नाही.

कलमात 'बोंडुकू परिसरातले उत्पादक' असे असेल तर मात्र बाजू कमकुवत आहे. तेव्हा भागाची रक्कम परत करा. उपविधींनी मुभा दिली असेल त्या मर्यादेत बिगर-सभासदांशी व्यवहार करता येतो. त्याहून बरे म्हणजे साम्पाकरांनी घानात स्वतःची संस्था नोंदवावी आणि दोन संस्थांनी लेखी करार करावा. बिगर-सभासदाला मतही नाही, परताव्यावर हक्कही नाही. म्हणून हंगामाअखेरचा भावफरक करारातच लिहून घ्या. वजन कुठल्या काट्यावर, पैसे फ्रँकमध्ये की घानाच्या सेडीत, किती दिवसांत, हेही. वादासाठी लवादाचे कलम हवेच : दोन्ही देश १९५८ च्या न्यूयॉर्क करारात आहेत, त्यामुळे लवादाचा निवाडा सीमेपलीकडच्या न्यायालयातून अंमलात आणता येतो.

ओहाडाचे दार आफ्रिकी संघातल्या प्रत्येक देशाला उघडे आहे. घाना आत यावा असे मला मनापासून वाटते, पण त्यावर पुढचा हंगाम थांबवू नका. भाग भरल्याच्या पावत्या आणि सभासद नोंदवहीच्या प्रती मात्र सभेपूर्वीच काढून ठेवा.