रिव्हॉल्वरचे काळे डाग अन् पॉलिश पेपर

प्रश्न: भाऊ, बाबांची .३२ ची रिव्हॉल्वर आता माझ्या लायसनवर चढली. रेंजवर तीसेक राउंड मारून आलो तर सिलिंडरच्या तोंडावर काळे गोल डाग पडले, कपड्यानं निघतच नाहीत. मित्र म्हणतो पॉलिश पेपर मार, दोन मिनिटांत चकाचक. मारू का?
- एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर: नको रे बाप्पा! बाबांनी इतकी वर्षं जपलेली वस्तू दोन मिनिटांत भंगार करशील. सिलिंडर म्हणजे गोळ्या भरायचा फिरता भाग, तो आणि बॅरल म्हणजे नळी, यांच्यामध्ये केसाएवढी फट असते, प्रत्येक राउंडला तिथून गरम गॅस बाहेर फेकला जातो, त्याचेच ते डाग. दिसायला वाईट, पण नेमाला की चालीला काही फरक पडत नाही, आणि पुढच्या राउंडला परत येणारच, मग घासून काय मिळवणार?

रिव्हॉल्वरचा तो निळसर-काळा रंग असतो ना, ते ब्लूइंग, म्हणजे लोखंडावर मुद्दाम चढवलेला ऑक्साइडचा पातळ थर, एका अर्थी काबूत ठेवलेला गंजच. पॉलिश पेपर, तारेची घासणी, ब्रासो यानं तो खरवडला जातो, आणि लिंबू, व्हिनेगर, गंज काढायचं औषध हे तर त्याला विरघळवूनच टाकतं. निकेल प्लेटिंगवाली असेल तर अमोनियावालं सॉल्व्हंटही नको, खालचं तांबं खातं ते.

आधी सिलिंडर उघडून रिकामं कर, बोट घालून सहाही घरं तपास, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेव. मग कार्बन सॉल्व्हंट, म्हणजे काजळी सैल करणारं औषध, लाव अन् पंधरा मिनिटं चहा पी. हे लोक विसरतात, भिजू न देता घासत बसतात. नंतर नायलॉनचा नाहीतर ब्राँझचा ब्रश. खरी मेहनत इथे घे: सिलिंडरची घरं, बॅरलचं मागचं तोंड, आणि एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली, तिथे जरासा कचरा राहिला तरी सिलिंडर जड फिरतं नाहीतर नीट बंदच होत नाही. ब्रशचा रॉड नळीत समोरून घालावा लागतो, म्हणून तो नळीच्या तोंडाला घासू देऊ नको, नेम तिथेच बिघडतो. लाकडी मुठीला सॉल्व्हंट लागू नये. शेवटी सगळं पुसून तेलाचा अगदी हलका हात, तेल गळायला लागलं की धूळच धरते.

साइड प्लेट, म्हणजे आतल्या यंत्रणेवरचं बाजूचं झाकण, मात्र उघडू नको, आत काही अडकत असेल तर लायसनवाल्या गनस्मिथकडे ने. आणि हो, चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून देत असशील तर आजच काढ, आपल्याकडे जुलै-ऑगस्टात चामडं ओल धरून बसतं.