ओपीडीतल्या पहिल्या आठवड्यासाठी
परळच्या मानसोपचार ओपीडीत बसायला लागलास की कळेल, ‘मला डिप्रेशन आहे’ म्हणत फारसं कुणी येत नाही. छातीत धडधड, डोकं जड, झोप नाही, आणि पिशवीत नॉर्मल ईसीजी. ‘तुम्हाला काही झालेलंच नाही’ असं चुकूनही म्हणू नकोस, धडधड खरीच असते. थायरॉइड बघ, दारूचं विचार. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हेही थेट विचार. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही.

एसिटालोप्रॅम (डिप्रेशनवरची गोळी) दिलीस तर आधीच सांग: सुरुवातीला मळमळेल, गुण यायला २ ते ४ आठवडे लागतील. नाहीतर कसाऱ्याहून लोकलने आलेला माणूस आठव्या दिवशी गोळी सोडतो. क्लोनाझेपॅम, म्हणजे घबराट कमी करून झोप आणणारी गोळी, मात्र थोडेच दिवस. आणि केसपेपरवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ लिहून दे, रात्री आपली ओपीडी बंद असते.