आयुर्विमा एजंट म्हणून माझ्या हातून झालेल्या चुका

तुम्ही विचारलंय की वय २६ आहे, खासगी नोकरी आहे, आयुर्विम्याची एजन्सी घ्यायचं मनात आहे, तर जुन्या एजंटांनी आपापल्या चुका सांगाव्यात. मी १९९९ पासून सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी हे काम करतोय. सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो.

२००८ चा मार्च महिना होता. जानेवारी ते मार्च म्हणजे आमची सुगी. कर वाचवायला माणसं स्वतःहून येतात, वर टार्गेटची घाई. मार्केट यार्डाजवळ चहाची गाडी लावणारे एक ओळखीचे गृहस्थ पाच लाखांची पॉलिसी घ्यायला तयार झाले. मी त्यांच्या सह्या गाडीवरच घेतल्या आणि फॉर्म रात्री घरी बसून भरला. तब्येतीच्या प्रश्नांपुढे सरसकट ‘नाही’ लिहीत गेलो. त्यांना साखरेचा त्रास होता. दिवसभर दुसऱ्यांना चहा पाजणारा हा माणूस स्वतः बिनसाखरेचा प्यायचा, आणि मी ते रोज बघत होतो. पण खरं लिहिलं तर मेडिकल लागेल, जादा हप्ता लागेल, केस एप्रिलमध्ये जाईल, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. एजंटाला एक गोपनीय अहवालही द्यावा लागतो, ‘या व्यक्तीला किती वर्षं ओळखता, तब्येत कशी वाटते’ असा. त्यावर मी ‘उत्तम’ लिहून सही केली.

चौदा महिन्यांनी ते गेले. इतक्या लवकर आलेल्या क्लेमची चौकशी होतेच. दवाखान्याच्या केसपेपरवर ‘चार वर्षांपासून मधुमेह’ अशी नोंद निघाली आणि क्लेम नामंजूर झाला. फेरविचाराचा अर्ज मीच लिहून दिला, त्याचाही उपयोग झाला नाही, कारण फॉर्मवर सही त्यांची होती. पत्र घेऊन घरी गेलो तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, “भावजी, तुम्हाला तर माहीत होतं की.”

त्या वर्षीपासून मी फॉर्म ग्राहकाच्या घरी बसून भरतो, शक्यतो संध्याकाळी, आणि त्याच्या बायकोला शेजारी बसवून. नवरा म्हणतो, “मला काही नाही,” आणि ती आतून गोळ्यांचं पाकीट आणून समोर ठेवते. एकेक प्रश्न मराठीत वाचून दाखवतो. जादा हप्ता लागला तर लागू दे. केस नाकारली गेली तरी चालेल, निदान त्या घराला आपल्याकडे विमा नाही हे तरी माहीत असतं.

यावर नवीन मुलं मला विमा कायद्यातलं कलम ४५ सांगतात. २०१५ च्या दुरुस्तीनंतर पॉलिसीला तीन वर्षं झाली की कंपनीला ती कोणत्याही कारणाने नाकारता येत नाही, हे खरं आहे. पण ही तीन वर्षं काढायला माणूस जगायला हवा. शिवाय हप्ता थकून पॉलिसी बंद पडली आणि पुन्हा चालू केली, तर तीन वर्षं त्या तारखेपासून नव्याने मोजतात. हे ग्राहकाला कुणी सांगत नाही. म्हणून हप्त्याची आठवण करून देणं हे मी पॉलिसी विकण्याइतकंच महत्त्वाचं काम समजतो.

दुसरी चूक लक्षात यायला जास्त वर्षं लागली, कारण तिच्यात कुठलाही नियम मोडलेला नव्हता. एका टेलरला मी वीस वर्षांची मनी बॅक, म्हणजे मुदतीत मधूनमधून थोडे पैसे परत देणारी पॉलिसी, दिली होती. हप्ता वर्षाला साधारण बारा हजार, विमा रक्कम दोन लाख. सहाव्या वर्षी तो अपघातात गेला. क्लेम पंधरा दिवसांत मंजूर झाला, बोनससकट अडीच लाखांच्या आसपास चेक आला. शाखेत सगळ्यांनी माझं कौतुक केलं. घरी येऊन हिशेब मांडला: त्यांच्या घराचा महिन्याचा खर्च बारा हजार होता, म्हणजे दोन वर्षंसुद्धा निघणार नव्हती. तेवढ्याच हप्त्यात टर्म प्लॅनमधून, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणाऱ्या निव्वळ विम्यातून, दहापटीहून जास्त संरक्षण मिळालं असतं. मी तो सुचवलाच नव्हता. ‘मेल्याशिवाय पैसे मिळत नाहीत, मग घेणार कोण’ असं आम्ही आपसांत म्हणायचो. पण एंडोमेंट (मुदत संपल्यावर पैसे परत देणारी बचतीची पॉलिसी) आणि मनी बॅकच्या हप्त्यातून कमिशन बरं सुटतं, हेही कारण होतंच. आता आधी विचारतो, तुम्ही नसाल तर या घराला महिन्याला किती लागतील, कर्ज किती आहे. तेवढ्याचं टर्म आधी. बचतीचं नंतर, पैसे उरले तर.

बाकीचं थोडक्यात. पहिल्या हप्त्यात स्वतःच्या कमिशनातून सूट देऊ नका. विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे त्याला मनाई आहे, दंड होतो, आणि सुटीसाठी आलेला माणूस दुसऱ्या वर्षी हप्ता भरत नाही. हप्त्याची रोख रक्कम स्वतःच्या खिशात एक रात्रही ठेवू नका. ग्राहकाचं लग्न झालं की वारस नोंद बदलून घ्या. सासू आणि सून एकाच पॉलिसीसाठी समोरासमोर आलेल्या मी पाहिल्यात. आणि डोक्यावर कर्ज असलेल्या व्यापाऱ्याला १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा समजावून सांगा. त्याखाली घेतलेल्या पॉलिसीवर सावकार किंवा बँक हात टाकू शकत नाही, ते पैसे बायको-मुलांचेच राहतात. मात्र हे पॉलिसी घेतानाच करावं लागतं. मला हा कायदा दहा वर्षांनी कळला.

एजन्सी घ्या, पण नोकरी लगेच सोडू नका. पहिलं वर्ष मामा, मावशी, वर्गमित्र यांच्यावर निघतं आणि मग फोन उचलायला कुणी तयार नसतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. पुढच्या वर्षांच्या हप्त्यांवरचं पाच-साडेसात टक्के कमिशन साठत जाऊन त्यावर घर चालायला मला सहा वर्षं लागली. तोवर पगार हाताशी असेल, तर मार्चमध्ये रात्री एकट्याने फॉर्म भरायची वेळ तुमच्यावर येणार नाही.