अपस्माराच्या रुग्णाने अँटिऑक्सिडंट गोळ्या घेतल्यास झटके कमी होतात का?
झटके आटोक्यात ठेवण्यासाठी अँटिऑक्सिडंट गोळ्यांवर भिस्त ठेवता येत नाही, मात्र अपस्मारात ऑक्सिडेटिव्ह ताण (पेशींना इजा करणारे मुक्त मूलक नावाचे अस्थिर रेणू जास्त होण्याची स्थिती) वाढतो हे खरे आहे. वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू सुमारे २० टक्के ऑक्सिजन वापरतो. झटक्याच्या वेळी ग्लुटामेट या चेतापेशींना उत्तेजित करणाऱ्या रसायनाच्या माऱ्याने चेतापेशींत कॅल्शियम शिरते, मायटोकॉन्ड्रियांत (पेशीतील ऊर्जा बनवणाऱ्या भागांत) मुक्त मूलके वाढतात आणि पेशींच्या आवरणातील मेदाला इजा होते. म्हणूनच अनेक अभ्यासांत रुग्णांच्या रक्तात मॅलनडायअल्डिहाइड (मेदाला इजा झाल्याची खूण) वाढलेले व ग्लुटाथायोन (शरीराचे स्वतःचे अँटिऑक्सिडंट) घटलेले आढळले आहे. अर्थात यात व्हॅल्प्रोएटसारख्या अपस्माराच्या औषधाचाही वाटा असू शकतो, त्यामुळे एवढ्यावरून कारण ठरवणे घाईचे होईल. फेनिटॉइन हे झटक्यांवरचे औषध चालू असेल, तर फॉलिक आम्ल असलेली साधी मल्टिव्हिटॅमिनची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, कारण फॉलिक आम्लामुळे त्या औषधाची रक्तातील पातळी खाली येऊ शकते.