मालिकेच्या भागातलं ज्ञानकोशात काय जातं?

प्रश्न (कराड): आमच्या गावातल्या वाड्यात एका मालिकेचं चित्रीकरण झालं. मराठी विकिपीडियावर त्या मालिकेच्या लेखात मी प्रत्येक भागाची गोष्ट लिहिली. दुसऱ्या संपादकाने बहुतेक सगळी उडवली. काय ठेवायचं हे ठरवायचं कसं?

उत्तर: वाहिनी, निर्माता आणि कलाकार यांच्याखेरीज त्या भागाबद्दल कोणी लिहिलंय का, हे आधी बघा. ‘येत्या भागात नायिकेला सत्य कळणार’ छापाच्या बातम्या धरू नका. तोच मजकूर आणि तोच फोटो तीन पेपरांत दिसला, तर तो बहुधा वाहिनीने पाठवलेला असतो. कात्रणं तीन, स्रोत एकच.

भागात काय घडलं एवढं सांगायला खुद्द भाग पुरतो. ‘या भागाने हुंड्यावर कोरडे ओढले’ असं लिहायचं तर तसं म्हणणारा समीक्षक दाखवावा लागतो.

आता लांबी. इंग्रजी विकिपीडियाच्या संकेतांत भागांच्या यादीच्या तक्त्यातल्या एका भागाला साधारण १०० ते २०० शब्द आणि भागावर स्वतंत्र लेख असेल तर कथासाराला ४०० शब्दांची मर्यादा आहे. दहा-बावीस भागांच्या पर्वाला हे माप बसतं. आपली रोजची मालिका आठवड्याला सहा भाग धरले तर वर्षाला तीनशेच्या घरात जाते. प्रत्येकी १०० शब्द म्हटले तरी ३०,००० झाले, आणि त्यातल्या कित्येक भागांत सासूच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा आपटण्यापलीकडे काही घडत नाही. म्हणून भागवार लिहू नका, ट्रॅकवार, म्हणजे कथेतल्या एकेका मोठ्या वळणाप्रमाणे लिहा: लग्न, गैरसमज, मध्येच घेतलेली काही वर्षांची झेप. एकेका ट्रॅकला चार-पाच ओळी खूप झाल्या.

पहिल्या आणि शेवटच्या भागाची तारीख, वेळबदल, २०२०च्या टाळेबंदीतला खंड, एका भूमिकेत आलेला नवा कलाकार, एखाद्या भागावर झालेली तक्रार किंवा मिळालेला पुरस्कार, हे ठेवा. दर आठवड्याचा टीआरपी, साड्या, प्रोमोतले संवाद आणि तुम्हीच शोधलेल्या चुका (‘मागच्या भागात घड्याळ डाव्या हातात होतं’) काढा.

वाड्याची बातमी पेपरात आली असेल तर मालिकेच्या लेखात एक वाक्य, गावाच्या लेखात एक वाक्य. संदर्भात तारीख, पान आणि ‘सातारा आवृत्ती’ हे तिन्ही लिहा. जिल्ह्याच्या पानावरची बातमी पुणे आवृत्तीत असेलच असं नाही, आणि पडताळणारा तिथे शोधून ‘संदर्भ खोटा’ म्हणत नोंद काढतो.

प्रश्न (मिरज): ‘रामायण’च्या पुनःप्रसारणातल्या एका भागाने जागतिक विक्रम केला, असं लिहावं का?

उत्तर: ‘केला’ नको, ‘असा दूरदर्शनचा दावा’ म्हणा. १६ एप्रिल २०२०च्या भागाला ७.७ कोटी प्रेक्षक मिळाल्याचं दूरदर्शननेच जाहीर केलं होतं. अमेरिकेतल्या ‘मॅश’ या मालिकेचा १९८३चा शेवटचा भाग १० कोटींहून जास्त लोकांनी पाहिला होता. आकडा, तो सांगणारा आणि त्यावरचा आक्षेप, तिन्ही दोन वाक्यांत मावतात. हा भाग मात्र नोंदीला नक्की पात्र, कारण त्यावर बाहेरच्यांनी वाद घातला.

प्रश्न (वाई): शेवट लिहिला तर बघणाऱ्यांचा रसभंग होतो. झाकून ठेवू?

उत्तर: नाही. ज्ञानकोशात कथासार म्हणजे शेवटासकट.