ऑस्ट्रेलियातल्या आमच्या कंपनीच्या नव्या युनिफॉर्मवर ॲबोरिजिनल (तिथल्या मूळनिवासींचं) चित्र हवंय, कापडही पर्यावरणपूरक हवंय. कापड कोणतं घ्यावं? नेटवर ठिपक्यांची रेडिमेड डिझाइनं स्वस्तात मिळतात, ती चालतील का?

कापडाचं आधी उरकतो. सब्लिमेशनने, म्हणजे उष्णतेने रंग कापडात उतरवून, छापणार असाल तर पॉलिएस्टरच घ्यावं लागेल, सुतीवर तो रंग धरत नाही. म्हणजे बाटल्यांपासून केलेलं रिसायकल्ड पॉलिएस्टर. सुतीचाच हट्ट असेल तर रिॲक्टिव्ह डिजिटल प्रिंट (सुती धाग्याला धरणाऱ्या रंगांची छपाई) करा, जास्त खर्चाची तयारी ठेवून.

आता ते रेडिमेड ठिपके. हे मी आधी ऐकलंय, माझ्या मेहुण्याच्या तोंडून.

मी मूळचा इचलकरंजीचा. मेलबर्नमध्ये युनिफॉर्म पुरवणाऱ्या एका कंपनीत प्रॉडक्शन बघायचो. एका वृद्धाश्रमाच्या स्टाफसाठी चारशे पोलोंची ऑर्डर होती. चित्र तिथल्याच एका ॲबोरिजिनल बाईंचं, रीतसर करार करून, पैसे मोजून घेतलेलं. सगळे त्यांना आंटी म्हणत. (तिकडे वडीलधाऱ्यांना मानाने तसं म्हणतात, आपल्याकडे रिक्षावाला म्हणतो तसं नव्हे.) चित्रात खालून वर जाणारी नदी आणि तिच्या काठी एकात एक वर्तुळं, म्हणजे माणसं जमायची जागा. ठिपका एकही नव्हता. ठिपक्यांची चित्रं मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली. १९७१ साली तिथल्या पापुन्या वस्तीतून ती आधी फळ्यांवर, मग कॅनव्हासवर यायला लागली आणि जगभर गेली. मेलबर्न ज्या व्हिक्टोरिया राज्यात आहे तिकडच्या जुन्या ढालींवर बघाल तर रेषा आणि चौकटी कोरलेल्या दिसतील. मेलबर्नच्या कंपनीने ठिपके छापणं म्हणजे कोल्हापुरी म्हणून मोजडी विकणं.

शिलाई मीच मेहुण्याच्या युनिटला मिळवून दिली होती. घरचा माणूस म्हणून कटिंगआधी सॅम्पल पास करून घेतलं नाही, ही माझी चूक. त्याने कापड वाचवायला मार्कर, म्हणजे कापायच्या भागांची मांडणी, उलटसुलट लावला. सॅम्पल आलं तेव्हा चारशेचे चारशे कापून झाले होते. पाठीवर नदी उलटी, वर्तुळं बगलेच्या शिवणीत अर्धी. आंटींनी तो पोलो दोनदा फिरवून पाहिला आणि एवढंच विचारलं, "मग यात माणसं बसणार कुठे?"

मेहुण्याला फोन केला तर म्हणतो, "दाजी, चित्रंच आहेत की. कोण उलटं-सुलटं बघतंय? आणि कापड वाचवलं, तुमचं ते सस्टेनेबल का काय, तेच केलं ना मी?" खरी पंचाईत ही की हिशोबात तो बरोबर होता. सगळे भाग एकाच दिशेने लावले की कापड जास्त लागतं. आम्ही शेवटी पॅनेल प्रिंट केलं, म्हणजे पाठ, पुढा, बाही जिथे हवी तिथेच छपाई. कोरं कापड थोडं वाया गेलं, पण शाई वाचली. खर्च माझ्या बोकांडी.

त्या दिवाळीत गावी गेलो. एका यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर (माग दुरुस्त करणारा) तेलाचे हात पुसत होता, अर्ध्या वर्तुळाला. कापलेला माल मेहुण्याने किलोवर विकला होता. करारात स्पष्ट लिहिलं होतं की उरलेलं छापील कापड दुसरीकडे जाणार नाही. तेव्हापासून आमचं जेवणाच्या ताटावरही हेच चालू असतं.

त्यामुळे तुम्ही करार करताना चित्र कशाकशावर, किती नगांवर, किती वर्षं, हे तर लिहाच. शिवाय कापायच्या आधी सॅम्पल चित्रकाराने बघितलंच पाहिजे. आणि युनिफॉर्म जुना झाला की त्याचं काय करणार, तेही त्यांना विचारून लिहा. त्याची चिंधी झाली की तुमचं 'पर्यावरणपूरक' कुणाच्या तरी नदीने फरशी पुसतं. चित्रातली कथा कुळाची असेल तर एकट्या चित्रकाराची सही पुरत नाही, वडीलधाऱ्यांचीही परवानगी लागते. घाई असेल तर साधा निळा शर्ट घाला.

नीट केलेलं बघायचं असेल तर डिसेंबर २०२० मध्ये भारताविरुद्धच्या टी-ट्वेंटीत ऑस्ट्रेलियाने घातलेली जर्सी बघा. फिओना क्लार्क आणि कोर्टनी हेगन यांचं काम. क्लार्क यांचे पूर्वज १८६८ च्या इंग्लंड दौऱ्यावर गेलेल्या ॲबोरिजिनल संघात खेळले होते. उलट १९६६ च्या ऑस्ट्रेलियाच्या एक डॉलरच्या नोटेवर ॲबोरिजिनल चित्रकार डेव्हिड मलांगी यांचं चित्र न विचारता छापलं गेलं आणि भरपाई नंतर दिली: हजार डॉलर, एक पदक आणि मासेमारीचं सामान. मेहुणा म्हणतो, "बघा, सरकारनेही केलं." केलं, आणि लाज अजून निघते.

मी वकील नाही, हे आता सांगतोय. ठिपक्यांच्या नुसत्या शैलीवर कॉपीराइट नसतो, तेवढं खरं आहे. इंडिजिनस आर्ट कोडचे (मूळनिवासी कलेच्या व्यवहाराची आचारसंहिता) नियम मात्र सही करायच्या आधी वाचा.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. वारलीचे कुर्ते काढतोय, पाठीवर तारपा नाचाचा गोल. मी म्हटलं, "गोल शिवणीत जात नाही ना?"

"नाही दाजी, आता पॅनेल प्रिंटच करतो."

चित्र कुणाकडून घेतलं, असं विचारलं तर त्याची रेंज गेली.